थोरलीच्या पोटातली हवा

त्या घरात मुलगी एकुलती एक, तरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली अंगणात उभी असायची.

थोरली म्हणजे घरगाडी. धाकटी दहा वर्षांची असताना बाबांनी ती कुठल्याशा बिस्किटांच्या कारखान्याकडून आणली, तेव्हा ती साधी मालवाहू गाडी होती. बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक. दोन वर्षं प्रत्येक सुट्टीचा दिवस खर्ची घालून त्यांनी तिच्या पोटात संसार थाटला. मागच्या भिंतीला उशा लागतील असा लांब पलंग, मधे दोन शेगड्यांचा ओटा, परातीएवढी मोरी आणि खिडक्यांना आईनं शिवलेले पडदे. पहिलं वर्षभर दार उघडलं की बिस्किटांचा वास यायचा. जेवताना बाबा थोरलीबद्दल बोलत ते माणसाबद्दल बोलावं तसं. तिचा खोकला, तिची सकाळची कुरकुर, तिचे गुडघे. आई म्हणायची, एवढी चौकशी माझ्या गुडघ्यांची केली असतीत तर आज मी जिना पळत चढले असते.

बाबा बोनेट उघडून वाकले की धाकटीची नेमणूक ठरलेली. टॉर्च धरायचा आणि काढलेले नट बशीत गोळा करायचे. सात-आठ वर्षं तिनं टॉर्च धरला. पाना मात्र हातात कधी मिळाला नाही. "हात काळे होतील," बाबा म्हणत, आणि स्वतःचे काळे हात पुसायला तिच्याकडूनच फडकं मागून घेत.

पुढे धाकटीचं लग्न झालं ते पूल रंगवणाऱ्याशी. लोखंडी पूल. आधी खरवडायचे, गंज काढायचा, मग रंगाचे तीन हात द्यायचे. आणि एक होईस्तोवर दुसरा कुठे तरी गंजून वाट बघत असायचा. एकेका पुलाला दोन-तीन महिने लागत आणि पंधरवड्यातून एकदा दोन दिवसांसाठी नवरा घरी यायचा. आठ महिन्यांची लेक ठमी त्याच्याकडे अशी बघायची, जसा काही मीटर बघायला आलेला माणूस. पहिला दिवस रडण्यात जायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याचं नाक पकडून खिदळायला लागायची, आणि तोवर त्याची पिशवी दाराशी येऊन बसलेली असायची. तो कधी काही बोलायचा नाही. पण एकदा निघताना बुटांच्या नाड्या बांधता बांधता खाली मान घालून म्हणाला, "हिच्या लेखी मी म्हणजे रंगाचा वास असेन ना गं." त्या दिवशी धाकटीनं मनाशी ठरवून टाकलं. थोरली मागायची. तिघांनी पुलाखाली राहायचं, पूल संपला की पुढच्या पुलाकडे निघायचं.

मागणं सोपं नव्हतं. बाबांचे गुडघे आता क्लचला दाद देत नव्हते, थोरली वर्षभर अंगणात उभी होती, आणि गल्लीतले दातांचे डॉक्टर रोज फिरायला जाताना फाटकाशी थांबून तिची विचारपूस करत होते. त्यांना ती हवी होती. धाकटीनं विषय काढला तेव्हा बाबांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी निकाल दिला.

"आठ दिवस घेऊन जा. रविवारी संध्याकाळी पाचला परत आणायची. मधे इंजिनासाठी मला एक जरी फोन आला, तरी सोमवारी गाडी डॉक्टरांच्या दारात. पुलाखाली मी नाही येणार पाना घेऊन."

आईनं मधे तोंड घालून पाहिलं. पोरीची पोर आठ महिन्यांची, जरा दमानं घ्या, असं काहीसं ती म्हणाली. त्यावर बाबा म्हणाले की म्हणूनच. बंद पडलेल्या गाडीत आठ महिन्यांची पोर घेऊन बसायचं, ते माझ्या फोनच्या भरवशावर नको.

तर असे ते तिघं निघाले. पहिले सात दिवस असे गेले की दृष्ट लागावी. शेवटचा मुक्काम एका तळ्याकाठी होता. तिथं घरगाड्यांसाठी गवताचं मोठं मैदान होतं, प्रत्येक गाडीला एक झाड आणि एक नळ. ठमी चौथ्या दिवसापासून बापाला ओळखायला लागली होती, पाचव्या दिवशी रांगत जाऊन तिनं त्याच्या बुटाची नाडी चघळली होती, आणि सहाव्या दिवशी तो नळावर गेला म्हणून ती चक्क रडली. नवरा पाण्याची बादली तशीच टाकून धावत आला. दारात उभा राहून म्हणाला, "माझ्यासाठी रडतेय?" लॉटरी लागलेल्या माणसाचा चेहराही एवढा उजळत नसेल.

दृष्ट लागली ती सातव्या दिवशी, आणि ती ठमीच्या नाकाला. संध्याकाळी नाक चोंदलं. पोर आडवी केली की घरघर, उभी धरली की बरं. एवढ्या लहान मुलाला उशी द्यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. मग धाकटीच्या डोक्यात कल्पना आली. पलंग मागच्या भिंतीला. उशाकडची बाजू मागे. म्हणजे मागची चाकं उचलली की पलंगाचं डोकं आपोआप वर. नवऱ्यानं तळावरच्या माणसाकडून दोन जाड, उतरते लाकडी ठोकळे मागून आणले, थोरली हळूच मागे घेतली आणि मागची चाकं त्यांच्यावर चढवली. पोरीला उशी द्यायची नव्हती, म्हणून त्यांनी उशी गाडीलाच दिली. ठमी रात्रभर गाढ झोपली. आई-बाप मात्र झोपेत घसरत घसरत सकाळी पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालेले होते.

सकाळी नऊला सगळं आवरून नवऱ्यानं चावी फिरवली. थोरली पहिल्या हाकेला उठली. मिनिटभर छान बोलली. मग तिनं एक आवंढा गिळला, दोन धापा टाकल्या आणि गप्प झाली.

नवऱ्यानं पुन्हा स्टार्टर मारला. घर्र-घर्र-घर्र, पुढे काही नाही. पुन्हा मारला. पाचव्यांदा मारताना तो आवाज जरा जड झाला, तेव्हा धाकटीनं खिडकीतून हात घालून चावीच काढून घेतली. बॅटरी बसवशील, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आपलं नाही, बाबांचं आहे.

एव्हाना शेजारच्या गाडीतले काका हजर झाले होते. हे निवृत्त हेडमास्तर, आणि सात-आठ हजार मुलं हाताखालून गेल्यामुळे कुठल्याही विषयावर न विचारता बोलायची त्यांना सवय लागलेली. पाठीमागे हात बांधून त्यांनी थोरलीला एक प्रदक्षिणा घातली आणि स्पार्क प्लग साफ करा म्हणाले. डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, असं धाकटीनं अदबीनं सांगितलं. हेडमास्तरांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, मग तोच बसवून घ्या.

नवऱ्यानं तोवर फोनवर तीन व्हिडिओ बघून टाकले. तिन्ही गाड्या वेगळ्या, आणि तिन्ही माणसांची गाडी शेवटी सुरू होत होती. तळावरच्या माणसानं सांगितलं की जवळच्या गावात एक गॅरेज आहे, पण रविवारी बंद. उद्या सकाळी नक्की येईल.

उद्या. आज पाचला थोरली अंगणात नसली तर उद्या ती डॉक्टरांच्या दारात असणार होती. नवऱ्याचा पुढचा पूल चार दिवसांवर आला होता, घरापासून सहा तासांवर. धाकटीच्या डोळ्यांसमोर दाराशी ठेवलेली पिशवी आली.

"बाबांना एक फोन करू या का?" नवरा हळूच म्हणाला. "दोन मिनिटांत सांगतील."

"दोन मिनिटांत सांगतील," धाकटी म्हणाली, "आणि मग तू पंधरा दिवसांनी येशील, आणि ही परत तुझ्याकडे बघून भोकाड पसरेल. नको."

आणि नेमका तेवढ्यात फोन वाजला. साडेनऊ झाले होते. आई रोज साडेनऊला नातीचं तोंड बघायला व्हिडिओ कॉल करायची. तोंडाला कुलूप घालून धाकटीनं तो घेतला. ठमीला मांडीवर उभी केली, तिनं आजीला जीभ दाखवली, आजीनं तिकडून टाळ्या वाजवल्या. आईच्या मागे आरामखुर्चीत नुसतं वर्तमानपत्र दिसत होतं. वर्तमानपत्राला बाबांचे दोन हात होते. सगळं नीट चाललं होतं, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या नवऱ्याला, कॉल संपला असं वाटल्यानं, तिनं ओट्यावर ठेवलेली चावी घेऊन जाता जाता एकदा फिरवून बघायची बुद्धी झाली.

घर्र-घर्र-घर्र.

वर्तमानपत्र खाली आलं नाही. नुसतं हलायचं थांबलं.

आईनं विचारलं, कसला गं आवाज. धाकटी म्हणाली, शेजारच्या गाडीचा. शेजारचे हेडमास्तर त्या वेळी खिडकीबाहेर सफरचंद खात उभे होते आणि त्यांची गाडी त्यांच्यामागे निवांत झोपली होती. वर्तमानपत्रामागून आवाज आला, शेजारची गाडी डिझेलची आहे का. असेल, धाकटी म्हणाली, विचारलं नाही. मग ठमीला भूक लागली असल्याचं तिला अचानक दिसलं आणि तिनं फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर तिनं केस वर बांधले, नवऱ्याचा रंगाचे डाग पडलेला सदरा घातला आणि बोनेट उघडलं.

आत सगळं ओळखीचं होतं. माहेरच्या स्वयंपाकघरात अंधारातही डबा सापडावा, तसं. फक्त आज ते ती टॉर्चमागून बघत नव्हती. मिनिटभर चालून धापा टाकत बंद पडली, म्हणजे इंजिनाला काही झालेलं नाही; त्याला खायला मिळत नाहीये. नळ्यांमध्ये हवा शिरली आहे. बाबांच्या भाषेत, गाडीनं एअर घेतला. डिझेलच्या जागी हवा आली की डिझेलचं इंजिन उपाशी बसतं, आणि कितीही स्टार्टर मारा, ते जागचं हलत नाही. ती हवा हातानं काढावी लागते. डिझेलच्या फिल्टरच्या डोक्यावर काळं, बेडकाच्या पाठीसारखं बटण असतं, तो हातपंप. शेजारी एक छोटा स्क्रू. स्क्रू सैल करायचा, पंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग निखळ डिझेलची धार. धार आली की वाहत्या धारेतच स्क्रू आवळायचा. शंभर वेळा बघितलं होतं तिनं. पाना मात्र आज पहिल्यांदा हातात होता, आणि तो वाटला होता त्यापेक्षा जड निघाला.

स्क्रू सैल झाला. ती पंप दाबू लागली. फेस आला, सोडा फोडल्यासारखा. छान. आणखी दाबलं, आणखी फेस. पन्नास झाले, शंभर झाले. बटण मऊच राहिलं. बाबांच्या हाताखाली ते दगडासारखं कडक व्हायचं. बाबा म्हणायचे, आता भरली बघ. दीडशेला नवऱ्यानं हात दिला. अडीचशेला तिनं पंप परत घेतला. फेस काही संपेना. हेडमास्तर खुर्ची घेऊन येऊन बसले होते आणि मोठ्यानं आकडे मोजत होते. मधे एकदा त्यांनी धाकटीला दोनशे साठ दोनदा धरल्याबद्दल टोकलं.

नळी फुटली असेल, नवरा म्हणाला. दोघांनी फिल्टरपासून मागे जाणारी नळी पोटावर झोपून बोटांनी चाचपली. कोरडी होती. कुठं ओल नाही, चीर नाही. डिझेल संपलं असेल, हेडमास्तर म्हणाले. आणि हे त्यांचं त्या सकाळचं पहिलं शहाणं वाक्य होतं, पण काटा टाकी अर्ध्याच्या वर भरलेली दाखवत होता. धाकटीनं दोनदा बघितला.

अकरा वाजले. घर चार तासांवर होतं.

ठमीचा धीर सुटला. नवऱ्यानं हात धुतले, बाटली भरली आणि पोरीला घेऊन झाडाखाली बसला. धाकटी बंपरला टेकून काळ्या हातांकडे बघत होती. डोळे भरून आले होते, आणि पुसायची सोय नव्हती, कारण दोन्ही हात डिझेलचे. आपण सात वर्षं टॉर्च धरला म्हणजे आपल्याला काम येतं, असं आपण कशाच्या जोरावर धरून चाललो होतो, हे तिला कळेना. फोन ओट्यावर पडला होता. एक नाव दाबायचा अवकाश.

झाडाखाली ठमी चिडचिड करायला लागली. ओढत होती, सोडत होती, पाय झाडत होती. धाकटीनं तिकडे न बघताच आवाजावरून ओळखलं.

"अरे, बाटली वर कर," ती म्हणाली. "दूध सगळं बुडाशी गेलंय, निपल कोरडं आहे. हवा पितेय ती..."

आणि ती तिथंच थांबली.

तोंड एका टोकाला, दूध दुसऱ्या टोकाला. बाटलीत दूध आहे, पण पोरीच्या तोंडात हवा.

तिनं थोरलीकडे बघितलं. शेपूट वर, नाक खाली. एकदा बाबांनी टाकी उतरवून अंगणात धुतली होती, आणि तिनं टाकीच्या वरच्या भोकातून आत टॉर्च मारला होता. इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या मागच्या अंगाला बुडवलेली. काटा हलवणारा तरंगता गोळा पुढच्या अंगाला. रात्रभर गाडी नाक खाली करून उभी. टाकीतलं होतं नव्हतं ते डिझेल पुढे जमा झालेलं. गोळा मजेत तरंगतोय आणि काट्याला सांगतोय की सगळं भरपूर आहे. नळी मागे कोरडी लटकतेय. सकाळी इंजिन सुरू झालं ते नळ्यांत उरलेल्या घोटभर डिझेलवर. ते संपलं आणि त्यानं हवा ओढली. त्यानंतर तासाभराहून जास्त वेळ धाकटी त्याच कोरड्या नळीतून अख्ख्या तळाची हवा उपसत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. आणि कळसा काखेत तिनंच घातला होता, ठमीच्या नाकासाठी.

नवऱ्याला तिनं सांगितलं तेव्हा त्याला आधी बाटली कळली, मग टाकी कळली, आणि मग तो हसायलाच लागला. धाकटी म्हणाली, हसायचं नंतर, आधी हिला खाली उतरवायची.

उतरवायची म्हणजे नुसती गडगडू द्यायची. न्यूट्रल टाकून हँडब्रेक सोडला की ठोकळ्यांवरून ती आपल्या वजनानंच पुढे येणार. पण बंद इंजिनावर ब्रेक लाकडासारखा होतो आणि स्टिअरिंग वळता वळत नाही, हे धाकटीला ठाऊक होतं. त्यामुळे ती स्वतः बसली. नवरा ठमीला कडेवर घेऊन बाजूला उभा राहिला. हेडमास्तरांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला, शाळा सुटताना करावा तसा, जरी तिथं रस्ताही नव्हता आणि येणारं-जाणारं कोणी नव्हतं. हँडब्रेक सुटला. थोरलीनं एक दीर्घ सुस्कारा टाकला, ठोकळ्यांवरून उतरली आणि त्याच जोरात पुढे निघाली. धाकटी दोन्ही पाय ब्रेकवर घेऊन जवळजवळ उभी राहिली. गाडी थांबली. थांबली ती आवरताना वाळतच राहून गेलेल्या दुपट्यांच्या दोरीतून आरपार जाऊन. बोनेटवर सहा दुपटी, आरशावर एक टोपडं. ठमीला ते फार आवडलं.

चावी अर्धी फिरवून धाकटीनं काटा बघितला. तो हळूहळू, शरमल्यासारखा खाली आला आणि पावच्याही खाली जाऊन टेकला.

मग पुन्हा पंप. चाळीसपर्यंत फेस. साठला मोठे बुडबुडे, आळसावलेले. ऐंशीला एक थुंकी, आणि मग अचानक निखळ धार आली, मधासारखी चकचकीत, थेट तिच्या बाहीत. तिनं धार वाहत असतानाच स्क्रू आवळला. आणखी पाच-सहा वेळा दाबलं आणि बटण थांबलं. दगडासारखं. तिनं नवऱ्याचं बोट धरून त्याच्यावर ठेवलं. "आता भरली बघ," ती म्हणाली.

आता पोट भरलं होतं, पण सकाळच्या माऱ्यानं बॅटरीचा जीव गेला होता. स्टार्टर नुसता कण्हला. इथं हेडमास्तरांची वेळ आली. त्यांची विद्या काहीही असो, त्यांची बॅटरी भरलेली होती. त्यांनी आपली गाडी नाकाला नाक लावून उभी केली, डिकीतून जाड तारा काढल्या आणि लाल ते लाल, काळं ते काळं हा धडा सगळ्यांना दोनदा म्हणून दाखवला. धाकटीनं चावी फिरवली. दहापर्यंत मोजून सोडली. अर्धं मिनिट विश्रांती. पुन्हा. एक ठसका आला. पुन्हा. दोन ठसके, पांढऱ्या धुराचा एक लोट, एका बाजूनं लंगडत लंगडत धडधड, आणि मग एकदम चारही सिलिंडर एका सुरात. सगळ्या खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या, ओट्यावरचे कप नाचू लागले. हेडमास्तरांनी टोपी काढली, धुराच्या दिशेनं जरा बघितलं आणि परत घातली. पास, ते म्हणाले.

साडेबारा वाजले होते.

पहिल्या पेट्रोलपंपावर इंजिन बंद करावंच लागलं. टाकी काठोकाठ भरली, पैसे दिले, आणि चावीला हात लावायला मात्र दोघांपैकी कोणी तयार होईना. तू कर, नाही तू कर, असं करता करता मागच्या गाडीनं हॉर्न दिला. धाकटीनं डोळे मिटून फिरवली. थोरली अशी सुरू झाली की जणू सकाळी काही झालंच नव्हतं.

रस्ताभर नवरा मागे ठमीशेजारी बसून होता. एकदा धाकटीनं आरशातून बघितलं तर बाप-लेक दोघंही तोंड उघडं टाकून झोपले होते. पोरीच्या मुठीत बापाचं एक बोट होतं.

फाटकात शिरताना पाचला तीन मिनिटं कमी होती. बाबा अंगणातच उभे होते. त्यांनी नातीचा गालगुच्चा घेतला, जावयाला प्रवास कसा झाला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बोनेट उघडलं. आठ दिवसांच्या धुळीनं आत सगळं करडं झालं होतं. फक्त फिल्टर आणि त्याच्या आसपासची वीतभर जागा न्हाऊमाखू घातल्यासारखी लखलखत होती.

बाबांनी त्या जागेवरून एक बोट फिरवलं.

"एअर घेतला होता."

"हो," धाकटी म्हणाली.

"कशानं?"

तिनं सांगितलं. काही वगळलं नाही. नाक, उशी, ठोकळे, काटा, अडीचशे वेळा फुकट मारलेला पंप. शेजारची गाडी म्हणून जे सांगितलं होतं, ते खोटं होतं हेही सांगितलं. बाबांनी खिशातून पाना काढला आणि स्क्रूला लावला. दाबून बघितलं. सैल नव्हता, आणि पिळूनही बसवलेला नव्हता. त्यांनी पाना परत खिशात ठेवला.

"कोणी काढला?"

जावयानं हनुवटीनं बायकोकडे दाखवलं.

"मग फोन का नाही केलास?"

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात. एक जरी फोन आला तर गाडी डॉक्टरांना."

"मी काय," बाबा म्हणाले, "मी काहीही म्हणतो."

आई पायरीवर उभी राहून हे सगळं ऐकत होती. आता मात्र तिच्यानं राहवेना. "साडेनऊपासून फोन मांडीवर घेऊन बसलेत," ती म्हणाली. "जेवायलासुद्धा खुर्चीतच. मी म्हटलं मी करते फोन, पोरीला विचारते, तर मला करू देईनात. लाइन मोकळी राहू दे म्हणे. आणि वर्तमानपत्र सकाळपासून उलटं धरलंय, ते वेगळंच."

बाबांनी बोनेट लावलं. जरा जोरातच लावलं. फडक्यासाठी त्यांचा हात सवयीनं धाकटीकडे गेला, आणि तिच्या हातांकडे बघून थांबला. नखांपर्यंत काळे होते. चार तासांच्या प्रवासात, तीन वेळा साबण लावूनही निघाले नव्हते. त्यांनी ते हात आपल्या हातात घेतले, उलटे-सुलटे करून बघितले, एखादी वस्तू पारखून घ्यावी तसे.

"मग डॉक्टरांना काय सांगू?" आईनं विचारलं. "उद्या सकाळी येतीलच ते."

"सांग, दुसरी बघा."

जावई त्या क्षणी ठमीला हवेत उडवणार होता, पण ती नुकतीच दूध प्यायली होती हे त्याला आठवलं आणि त्यानं तिला नुसतंच वर धरलं. आठ दिवसांत तेवढं तो शिकला होता.

बाबा गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. धाकटीला वाटलं आता ते चावी मागतील, इंजिन कानानं तपासतील, पोटाशी कान लावतील. त्यांनी ड्रायव्हरचं दार ओलांडलं, वळसा घालून दुसरीकडचं उघडलं आणि एकेक गुडघा सांभाळत शेजारच्या सीटवर जाऊन बसले. एवढ्या वर्षांत त्या सीटवर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. बसल्यावर त्यांनाही जरा चुकल्यासारखं झालं असावं, कारण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले.

"चल," ते म्हणाले. "एक चक्कर मार. पाण्याच्या टाकीपर्यंत."

धाकटीनं चावी फिरवली. थोरली उठली. फाटकातून बाहेर पडताना बाबा समोर बघत होते, मधेच खिडकीतून बाहेर बघत होते. गाडी छान चालतेय की वाईट, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त प्रत्येक वळणावर, जिथं काहीच नव्हतं त्या रिकाम्या जागेत, त्यांचा उजवा पाय जोरात ब्रेक दाबत होता.